एम-४८ म्हणजे सन १९४८ नव्हे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या आपल्या पुरवणीत पहिल्या पानावर अर्धं पान व्यापून एका रणगाड्याचा फोटो छापला आहे. खाली ओळ आहे, 'निजामी फौजेला शरण आणणारा रणगाडा, सप्टेंबर १९४८'. फोटो देखणा आहे, छपाईही स्वच्छ आहे. अडचण इतकीच की हा रणगाडा १९४८ साली जगात कुठेच नव्हता. तो अमेरिकन बनावटीचा एम-४८ पॅटन आहे आणि कारखान्यातून बाहेर पडायला त्याला १९५२ साल उजाडलं. एम-४८ मधल्या ४८ ला आपल्याकडच्या कुणीतरी सन समजलं असावं, असा माझा अंदाज. त्यात पॅटन ही आपल्या फौजेची गाडीही नव्हे. अमेरिकेने ती पाकिस्तानला दिली, १९६५ च्या लढाईत ती आपल्यावर चालून आली, आणि आपण पाडाव केलेली धुडं पुढे शहरोशहरी चौकात मांडली गेली. शत्रूच्या गाडीला आपण मुक्तिदात्याचा हार घातला आहे.

एवढ्या चुकीसाठी पोस्टकार्ड पुरलं असतं. पत्र लांबतंय ते आतल्या पानांमुळे. तिथे जागोजागी 'निजामाचे रझाकार सैन्य' असं छापलं आहे, जणू रझाकार आणि निजामाची नेमलेली फौज हे एकच प्रकरण होतं. फोटोची चूक दुरुस्तीच्या चौकटीत दोन ओळींत निभेल. ही दुसरी चूक दरवर्षी होते, सगळीकडे होते, आणि तिच्याखाली आमच्या भागातली कितीतरी घरं गाडली गेली आहेत. त्यांतलं एक माझं आहे.

मी राज्य परिवहनच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला मेकॅनिक. राहणार अंबाजोगाई. वडील, म्हणजे अब्बा, भारतीय लष्करात ई.एम.ई. मध्ये, म्हणजे यंत्रं आणि गाड्या दुरुस्त करणाऱ्या शाखेत, रणगाड्यांचे मेकॅनिक होते. आजोबा, म्हणजे दादा, निजामाच्या फौजेत, ३ गोवळकोंडा लान्सर्स या घोडदळाच्या रिसाल्यात नालबंद होते. पणजोबाही नालबंदच, पण ते हैदराबाद कंटिंजंटच्या रिसाल्यात, इथल्याच छावणीत. आमच्या गल्लीत जुनी माणसं अजून 'नालबंदाचं घर' असाच पत्ता सांगतात. घोड्याच्या नालेपासून रणगाड्याच्या ट्रॅकपर्यंत आणि तिथून लाल डब्याच्या ब्रेक लायनरपर्यंत, आमच्या घराने चार पिढ्या दुसऱ्याची वाहनं चालती ठेवण्याचंच काम केलं. लढलं कुणीच नाही. त्यामुळे शौर्याच्या गोष्टी माझ्याकडे नाहीत, हे आधीच सांगतो.

अंबाजोगाईचं तेव्हाचं सरकारी नाव मोमिनाबाद. औरंगाबाद, जालना, हिंगोली यांच्यासारखीच इथेही कंटिंजंटची छावणी होती. कंटिंजंट म्हणजे पैसा निजामाचा, अंमल इंग्रज अधिकाऱ्यांचा. रिसाले शिलेदारी पद्धतीचे, म्हणजे घोडा स्वाराने स्वतःचा आणायचा; घोडा गेला की स्वार बुडाला. त्यामुळे नालबंदाला मान असे, असं दादा सांगायचे. (आपल्या धंद्याला मान होता असं प्रत्येकाचे दादा सांगतात, हे मला ठाऊक आहे.) कंटिंजंटचे लान्सर रिसाले चार होते. १९०३ मध्ये कंटिंजंट मोडून ते हिंदी लष्करात घेतले तेव्हा तिघांनाच नवे क्रमांक मिळाले: २० डेक्कन हॉर्स, २९ लान्सर्स आणि ३० लान्सर्स म्हणजे गॉर्डन्स हॉर्स. रिसाले गेले, छावणी ओस पडली. पणजोबा गेले नाहीत. टांग्याचे घोडे आणि शेतकऱ्यांचे बैल यांच्यावर त्यांनी निभावलं.

त्या निघून गेलेल्या रिसाल्यांचं पुढे काय झालं, ते सगळ्या जगाला माहीत आहे. २० डेक्कन हॉर्सने १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत हाय वूड या रानाजवळ भाले घेऊन धडक मारली. दोनच महिन्यांनी, १५ सप्टेंबरला, त्याच सोमच्या रणभूमीवर इतिहासात पहिल्यांदा रणगाडे उतरले आणि हाय वूडही त्याच दिवशी पडलं. महायुद्धानंतर २० आणि २९ एकत्र होऊन ९ वी रॉयल डेक्कन हॉर्स झाली. ३० लान्सर्स दुसऱ्या एका रिसाल्यात मिसळून ८ वी लाइट कॅव्हलरी झाली. दुसऱ्या महायुद्धात डेक्कन हॉर्स शर्मन रणगाडे घेऊन ब्रह्मदेशात मेक्तिलापर्यंत गेली. हे रिसाले आजही आहेत. त्यांचा स्थापना दिवस साजरा होतो, जुने ध्वज काचेत आहेत, माजी सैनिकांचे मेळावे होतात.

दादांच्या रिसाल्याचं यातलं काही नाही. तोही इथलाच, त्याच पागांतला, बऱ्याचदा त्याच घरांतल्या माणसांचा. फरक पगाराच्या चिठ्ठीचा. कंटिंजंटवाल्यांचा पगार इंग्रजांच्या हातून निघत होता म्हणून ते आज भारतीय लष्कराच्या इतिहासात आहेत. दादांचा पगार निजामाच्या खजिन्यातून हाली शिक्क्यात, म्हणजे संस्थानाच्या नाण्यात, निघत होता म्हणून ते कुठेच नाहीत.

आता १९४८ कडे येतो, म्हणजे त्या फोटोत खरं काय असायला हवं होतं तेही सांगून होईल. १३ सप्टेंबरला मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या हाताखालची भारताची मुख्य फौज सोलापूरकडून हैदराबाद संस्थानात शिरली. नळदुर्गाजवळ बोरी नदीवरचा पूल तिने शाबूत ताब्यात घेतला. रणगाड्यांची तुकडी जळकोटवरून पुढे सरकत त्याच दुपारी उमरग्याला पोचली, म्हणजे संस्थानाच्या हद्दीत साठ किलोमीटर आत. या फौजेतले रणगाडे शर्मन आणि स्टुअर्ट. पूना हॉर्सकडे शर्मन, ३ कॅव्हलरीकडे स्टुअर्ट. शर्मन नऊ फूट उंच, कमरेला सरळ, खाली दोन-दोन चाकांच्या तीन जोड्या. स्टुअर्ट त्याच्यापुढे पोरगेलासा, ३७ मिलिमीटरची तोफ. आपण छापलेल्या पॅटनचा बुरूज कासवाच्या पाठीसारखा आहे आणि खाली एका रांगेत सहा मोठी चाकं आहेत. एकदा दाखवलं तर शाळेतलं पोरही पुन्हा चुकणार नाही.

दुसऱ्या अंगाने औरंगाबाद आणि जालना १४ तारखेला पडलं. तिथली फौज जालन्यात एक गुरखा कंपनी ठेवून लातूरकडे आणि मग मोमिनाबादकडे वळली. इथे तिच्यासमोर होते ३ गोवळकोंडा लान्सर्स. लष्करी इतिहासात त्यांच्या वाट्याला एक वाक्य आहे: नाममात्र प्रतिकार करून शरण गेले.

त्या वाक्यात आमचे दादा आहेत. त्या सकाळी ते पागेत होते. एका घोडीचे तीन पाय झाले होते, चौथ्याचा नाल तापवून तयार होता. रिसालदाराने हत्यारं खाली ठेवायचा हुकूम दिला. सगळे बाहेर गेले. दादांनी चौथा नाल ठोकला, खिळ्यांची टोकं मुरगाळून कानस फिरवली आणि मगच हात धुऊन रांगेत जाऊन उभे राहिले. 'तीन नालांवर घोडी लंगडली असती, तिला कुठं माहीत सरकार बदललं म्हणून,' हे ते आम्हा पोरांना इतक्या वेळा सांगायचे की आजी पुढचं वाक्य आधीच म्हणायची.

१७ सप्टेंबरला निजामाने शस्त्रं खाली ठेवली. त्याची फौज पुढच्या काळात टप्प्याटप्प्याने मोडली. काही अधिकारी आणि जवान भारतीय लष्करात घेतले गेले, बाकीचे घरी आले. दादा घरी आले. त्यांच्या नोंदवहीत नोकरी संपण्याचं कारण उर्दूत लिहिलं आहे, 'फौज बरखास्त'. ना गैरवर्तन, ना म्हातारपण. हातात मिळालेल्या रकमेतून आजीने शेळ्या घेतल्या. दादा बैलांना पत्र्या मारू लागले. रिसाल्यात अरबी घोड्यांचे खूर तासलेल्या माणसाला आठवडी बाजारात बैल आडवा पाडून पत्री मारावी लागली, याचं त्यांना वाईट वाटायचं की नाही ते त्यांनी कधी सांगितलं नाही. बैल मात्र लाथ चुकवून मारतो, घोडा सांगून मारतो, एवढं म्हणायचे.

याच गावात स्वामी रामानंद तीर्थ शिक्षक म्हणून आले होते आणि इथूनच ते लढ्यात गेले. त्यांच्याबद्दल आमच्या घरात आदरानेच बोललं जाई. दादा म्हणायचे, मास्तरांनी नोकरी सोडली तशी मला सोडता आली नाही, घरात खाणारी तोंडं होती. रझाकारांचं सांगायचं तर त्यांची संघटना वेगळी, त्यांचा पगार नाही, कवायत नाही, मोजदाद नाही. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरला वकिली करायचा. त्याला शिक्षा झाली, १९५७ मध्ये सुटला आणि पाकिस्तानात निघून गेला. दादा कुठेही गेले नाहीत. रझाकारांनी खेड्यापाड्यांत जे केलं ते भयंकर होतं आणि त्यानंतर जे घडलं त्यातही निरपराध माणसं गेली. दोन्ही मला माहीत आहेत, आणि दोन्हींवर लिहिणारे माझ्यापेक्षा जाणते लोक आहेत. मला फक्त इतकंच म्हणायचं आहे की हजेरीपटावर नाव असलेल्या, महिन्याच्या महिन्याला पगार घेणाऱ्या शिपायाला रझाकार म्हणू नका. पुरवणीत नाही आणि भाषणात तर नाहीच.

या बरखास्त फौजेने त्याआधी काय केलं होतं तेही कधीतरी छापा. पहिल्या महायुद्धात हैदराबाद, जोधपूर आणि म्हैसूरचे लान्सर्स एका ब्रिगेडमध्ये सुएझ आणि पॅलेस्टाईनमध्ये होते. दिल्लीतल्या तीन मूर्ती चौकात जे तीन पुतळे उभे आहेत, त्यातला एक हैदराबादच्या लान्सरचा. आपले खासदार वर्षानुवर्षं त्या चौकाला वळसा घालून जात असतील. १९४८ मध्ये तुळजापुराजवळ भारतीय फौजेसमोर आलेली १ हैदराबाद इन्फन्ट्री, तीच १९४१ च्या डिसेंबरात मलायात कोटा भारूच्या विमानतळावर जपान्यांसमोर उभी होती आणि तिथे तिचा कमांडिंग ऑफिसर मारला गेला.

आणि अर्देशीर तारापोर. परमवीर चक्र म्हटल्यावर सगळ्यांना ते आठवतात, पूना हॉर्सचे म्हणून. त्यांची कमिशन झाली होती निजामाच्या फौजेत. दुसऱ्या महायुद्धात ते हैदराबाद लान्सर्सबरोबर मध्यपूर्वेत होते. संस्थानाची फौज मोडल्यावर ते पूना हॉर्समध्ये गेले. म्हणजे १९४८ मध्ये जो रिसाला शर्मन घेऊन हैदराबादवर चालून आला, त्याचंच नेतृत्व पुढे निजामाच्या फौजेतल्या एका अधिकाऱ्याने केलं. फिलोरा आणि चविंडाच्या लढाईत सेंच्युरियन रणगाड्यांसह केलं, आणि तिथेच १६ सप्टेंबर १९६५ रोजी प्राण दिले. मुक्तिदिनाच्या आदल्या दिवशी. आपल्या पुरवणीत दरवर्षी त्यांना एक चौकट सहज मिळू शकते, आजवर मिळालेली मी पाहिली नाही.

अब्बा १९५१ च्या सुमारास भरती झाले. बरखास्त फौजेच्या नालबंदाच्या पोराला घेतील का, अशी आजीला भीती होती. भरतीच्या साहेबाने बापाचा धंदा विचारला. अब्बा म्हणाले, लोखंडकाम. त्यांना सिकंदराबादच्या ई.एम.ई. सेंटरला पाठवलं. शिकून बाहेर पडल्यावर बदल्या होत होत ते ज्या रणगाडा रेजिमेंटच्या एल.ए.डी. मध्ये जाऊन पडले ती निघाली डेक्कन हॉर्स. एल.ए.डी. म्हणजे रेजिमेंटबरोबर फिरणारं छोटं वर्कशॉप. त्यात देशभरातली पोरं असतात आणि कुणाला कुठे टाकतील ते त्याच्या हातात नसतं. इथल्या छावणीत ज्या रिसाल्यांच्या घोड्यांना पणजोबा नाल ठोकायचे, त्यांचीच ही वारसदार, हे अब्बांना तिथे गेल्यावर रेजिमेंटच्या इतिहासाचा फलक वाचून कळलं. घरी पत्रात त्यांनी तेवढंच लिहिलं: 'दादांना सांगा, मोमिनाबादवाल्यांत आलोय.'

१९६५ मध्ये डेक्कन हॉर्सकडे अजून शर्मनच होते. अमेरिकेने युद्धकाळात असे सुमारे पन्नास हजार बनवले. आपल्याकडचे तेव्हा वीस वर्षांचे म्हातारे, सुटे भाग मिळायची मारामार. दोन आजारी गाड्यांतून एक धडधाकट करायची, हे अब्बांचं रोजचं काम. शर्मनच्या काही प्रकारांत विमानाचं नऊ सिलिंडरचं रेडियल इंजिन असे, सिलिंडर गोलाकार मांडलेले. गाडी रात्रभर उभी राहिली की तेल उतरून खालच्या सिलिंडरांत साचतं. तसाच स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकलाच म्हणून समजा. त्यासाठी पहाटे मागून हॅन्डल लावून इंजिन हाताने फिरवायचं, दोघा-तिघांनी आळीपाळीने, आणि मग सुरू करायचं. अब्बांचा उजवा खांदा त्यातच गेला. पुढे मी डेपोत थंडीच्या दिवसांत गाडी सुरू होत नाही म्हणून वैतागलो की ते म्हणायचे, 'तुझ्या गाडीला निदान सेल्फ तरी मारता येतो.'

खेमकरण भागात असल उत्तर इथली लढाई ८ ते १० सप्टेंबरची. डेक्कन हॉर्सचे कमांडिंग ऑफिसर होते लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार वैद्य, आपले अलिबागचे; पुढे लष्करप्रमुख झाले. त्या लढाईसाठी त्यांना महावीर चक्र मिळालं. शेजारी ३ कॅव्हलरीचे सेंच्युरियन आणि ८ कॅव्हलरीचे हलके एएमएक्स रणगाडे. ही ८ कॅव्हलरी म्हणजे वर सांगितलेली गॉर्डन्स हॉर्सची वारसदार. म्हणजे हैदराबाद कंटिंजंटच्या दोन शाखा त्या दिवशी एकाच उसात उभ्या होत्या. समोर पाकिस्तानच्या चिलखती डिव्हिजनचे पॅटन, ९० मिलिमीटरची तोफ. शर्मनच्या गोळ्याला समोरून पॅटनचं कपाळ फुटणं अवघड, तेव्हा उभ्या उसात गप्प राहायचं आणि जवळ येऊन कूस दिसली की मारायचं. शेतात पाणी सोडलेलं होतं. पॅटन त्यात रुतले. पाकिस्तानने तिथे सत्त्याण्णव रणगाडे गमावले असं सांगितलं जातं. अब्दुल हमीदांचं नाव सगळ्यांना पाठ आहे, म्हणून ते इथे पुन्हा सांगत नाही.

अब्बांना लढाईतलं फार काही दिसलं नाही. त्यांना चिखल दिसला. त्याच पाण्यात आपल्याही गाड्या ट्रॅक सोडायच्या. ट्रॅक उतरला की तो पुन्हा चढवायला पिन ठोकून काढावी लागते. गुडघाभर चिखलात, अंधारात, ताडपत्रीखाली टॉर्च धरून आणि घणाचा आवाज होऊ द्यायचा नाही म्हणून वर गोणपाट गुंडाळून. लढाई थांबल्यावर पाकिस्तानी फौजेने सोडून दिलेला एक पॅटन अब्बांनी आतून पाहिला. इंजिन बारा सिलिंडरचं, हवेने थंड होणारं, तेही पेट्रोलवर. तोफ, दुर्बीण, रेडिओ यांचं कौतुक त्यांनी कधी केलं नाही. कौतुक केलं ते हत्यारांच्या पेटीचं. प्रत्येक पाना आपापल्या खाचेत, एकही हरवलेला नाही. 'गाडी नवी होती रे, चालवणाऱ्यांचा हात बसला नव्हता,' असं म्हणायचे, आणि त्यात मला थोडी हळहळच ऐकू यायची. मेकॅनिकला शत्रूची गाडीसुद्धा बिघडलेली बघवत नाही.

तेव्हा मी प्राथमिक शाळेत. वर्गातल्या एकाने विचारलं, 'तुझा बाप कुणाकडनं लढतोय रे?' पोराला घरी ऐकून सुचलं असणार. गुरुजींनी त्याच्या हातावर पट्टी मारली आणि मला उभं करून अब्बांच्या नोकरीबद्दल वर्गाला सांगायला लावलं. मला तेव्हा काहीच सांगता आलं नाही, कारण अब्बा पत्रात कामाबद्दल लिहीतच नसत. मी म्हणालो, ते पंक्चर काढतात. वर्ग हसला आणि विषय संपला. अब्बांना १९६५ चं समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल मिळालं. दोन्ही घरी आहेत, दोन्हींवर त्यांचं नाव आणि नंबर कोरलेला आहे.

नगरला लष्कराचं रणगाडा संग्रहालय १९९४ मध्ये सुरू झालं. त्यानंतर काही वर्षांनी मी अब्बांना तिथे घेऊन गेलो. मटिल्डा, चर्चिल, रोल्स रॉइसची चिलखती गाडी, सगळं पाहत ते शर्मनपाशी थांबले, वाकून चाकाच्या रबरावरून हात फिरवला आणि म्हणाले, वरवर रंग छान दिलाय, आत पाणी साठत असणार, झाकणाचं पॅकिंग गेलंय. मग तिथल्या जवानाला बोलावून ते दाखवलंही. त्या जवानाने वहीत लिहून घेतलं. पॅटनकडे त्यांनी जाता जाता नजर टाकली, तिथे त्यांना थांबायचं नव्हतं. बीड-अहिल्यानगर रेल्वे २०२५ च्या मुक्तिदिनीच सुरू झाली. शाळांच्या सहली वेरूळ-शिर्डीला जातातच. एखादी नगरच्या या संग्रहालयाकडे वळवली तर आपल्या फोटोतला आणि खरा, असे दोन्ही रणगाडे मुलांना एकाच आवारात बघायला मिळतील.

अब्बांचं सगळं कुठे ना कुठे नोंदलेलं आहे. पेन्शन मिळाली, आईला मिळाली, सैनिक कल्याणच्या यादीत नाव आहे, गेले तेव्हा माजी सैनिकांनी तिरंगा आणला. दादांचं काय? स्वातंत्र्यसैनिक ते नव्हतेच, तसा दावाही आम्ही करत नाही. माजी सैनिकांच्या यादीत ते बसत नाहीत, कारण फौजच उरली नाही. त्यांच्या पेन्शनसाठी अब्बांनी एका कचेरीत अनेक वर्षं अर्ज केले. दरवेळी एकच उत्तर, ज्या दप्तरातून दाखला हवा ते दप्तर इथे नाही. पुढे एक गृहस्थ प्रदर्शन भरवायचं म्हणून दादांचा टोपीवरचा बिल्ला घेऊन गेले. प्रदर्शन झालं, फोटोही छापून आले. बिल्ला परत आला नाही.

जालना, हिंगोली, औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, कुठल्याही जुन्या गल्लीत विचारा. कुणाचे आजोबा हैदराबाद इन्फन्ट्रीत बिगुल वाजवायचे, कुणाचे घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार होते, कुणाचे लंगरखान्यात. मुसलमान जास्त, पण मराठा, राजपूत, दलित, शीखही सापडतील. ट्रंकेच्या तळाशी उर्दूतली नोंदवही, एखादं पदक, पगाराचा दाखला असतो. घर पाडून नवं बांधताना हे सगळं रद्दीत आणि भंगारात जातं. माझ्या डोळ्यांदेखत एका शेजाऱ्याच्या घरातून दोन पदकं पितळेच्या भावाने गेली. नातवांना वाचता येत नाही म्हणून कागदाची किंमत नाही, आणि आपला आजोबा रझाकार होता असं कुणी म्हणेल या धास्तीने काहींनी तर स्वतःच जाळले आहेत. तुमच्या पुरवणीतल्या त्या एका शब्दप्रयोगाचं ओझं इतकं आहे.

तेव्हा आपणास विनंती. फोटोची दुरुस्ती छापाच. पण त्यापेक्षा, पुढच्या १७ सप्टेंबरची वाट न पाहता, वाचकांना आवाहन करा की ज्यांच्या घरात निजामाच्या नेमलेल्या फौजेचे कागद, पदकं, फोटो असतील त्यांनी कळवावं. दर आठवड्याला त्यातलं एक छापा: नाव, गाव, रिसाला किंवा पलटण, हुद्दा, कुठे कुठे नोकरी केली, फौज मोडल्यावर काय केलं. गौरव करू नका, शिव्याही देऊ नका, नोंद करा. विद्यापीठाच्या इतिहास विभागातले विद्यार्थी दरवर्षी प्रकल्पासाठी विषय शोधत असतात, त्यांना हे काम द्यावं. उर्दू वाचणारे लोक प्रत्येक तालुक्यात अजून आहेत, त्यांना विचारायला कुणी जात नाही इतकंच. आणि एखाद्या चौकात रणगाडा बसवायचा बेत निघालाच, तर फलक लिहिण्याआधी कृपा करून कुणातरी माजी सैनिकाला विचारा.

सुरुवात माझ्याकडून करावी म्हटलं तर दादांची नोंदवही, नाल ठोकायची हातोडी, खूर तासायची सुरी आणि अब्बांची दोन्ही पदकं माझ्याकडे आहेत. आपला प्रतिनिधी पाठवा. नोंदवही उर्दूत आहे आणि मी मराठी शाळेत शिकलो, त्यामुळे वाचणारं माणूस सोबत आणावं लागेल. घरी बसून सावकाश बघा, हवे तेवढे फोटो काढा, चहा घ्या. एकही वस्तू मात्र उंबऱ्याबाहेर नेऊ देणार नाही.

आपला जुना वाचक,
निवृत्त मेकॅनिक, राज्य परिवहन
अंबाजोगाई, जि. बीड